उणे ३७.६३ डॉलर: एका दिवसाचा डेटा आणि त्याच्या अनेक आवृत्त्या

सोमवार, २० एप्रिल २०२०. न्यूयॉर्कच्या नायमेक्स एक्स्चेंजवर डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे त्या महिन्यात तेल देण्या-घेण्याचा करार, बॅरलला उणे ३७.६३ डॉलरला सेटल झाला, म्हणजे दिवसाचा अधिकृत हिशेब त्या भावाने झाला. आदल्या शुक्रवारचा सेटलमेंट भाव १८.२७ होता. म्हणजे एका सत्रात बॅरलमागे ५५.९० डॉलरची घसरण. त्या दिवशी कोण बुडालं आणि कोण कमावून गेलं यावर रकानेच्या रकाने लिहून झालेत. इथे प्रश्न वेगळा आहे: हा दिवस ऐतिहासिक डेटात कसा उतरला? क्रूडवरची, म्हणजे कच्च्या तेलावरची, कुठलीही स्ट्रॅटेजी थोड्या लांब काळाच्या जुन्या भावांवर तपासायला घेतली (यालाच बॅकटेस्ट म्हणतात) की हा दिवस वाटेत येतोच. तुमच्या फाइलमध्ये तो कुठल्या रूपात बसलाय यावर पुढचा सगळा निकाल फिरतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. हा वायदा १,००० बॅरलचा, आणि एक्स्पायरीनंतर, म्हणजे मुदत संपल्यावर, हातात राहिला तर ओक्लाहोमातल्या कुशिंग इथे खरोखरचं तेल ताब्यात घ्यावं लागतं. टाळेबंदीमुळे जगभरातली मागणी कोसळली होती. कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा आधीच कुणी ना कुणी राखून ठेवली होती. मे वायद्याचा शेवटचा दिवस मंगळवार, २१ एप्रिल. तेल ठेवायला जागा नसलेल्या लाँग पोझिशनवाल्यांना, म्हणजे वायदा विकत घेऊन बसलेल्यांना, पदरचे पैसे देऊन ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावी लागली. नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईने ८ एप्रिललाच कळवलं होतं की ऋण भाव आले तरी त्यांची यंत्रणा ते हाताळेल, आणि १५ एप्रिलला त्यासाठी चाचणीची सोयही उघडली होती. थोडक्यात, उणे ३७.६३ ही टंकनाची चूक नव्हती, मशीनचा बिघाडही नव्हता. झालेले सौदे कायम राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘क्लोज’ कुठला धरायचा?

सेटलमेंट भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी २.२८ ते २.३० या दोन मिनिटांतल्या सौद्यांच्या व्हॉल्यूम-भारित (मोठ्या सौद्याला जास्त वजन देणाऱ्या) सरासरीवरून तो निघतो. इलेक्ट्रॉनिक सत्र मात्र संध्याकाळी ५ पर्यंत चालू असतं. एरवी या दोन भावांत काही सेंटांचा फरक पडतो आणि कुणी तिकडे बघतही नाही. त्या दिवशी मात्र सेटलमेंटच्या सुमाराला भाव उणे ४०.३२ चा तळ गाठून आला आणि नंतरच्या अडीच तासांत बराच वर सरकला. त्यामुळे ज्या व्हेंडरने (डेटा विकणाऱ्याने) टिक डेटावरून, म्हणजे एकेका सौद्याच्या नोंदींवरून, दिवसाचा बार (ओपन, हाय, लो आणि क्लोज या चार भावांची नोंद) बांधला त्याचा क्लोज एक, आणि ज्याने एक्स्चेंजची अधिकृत सेटलमेंट फाइल उचलली त्याचा दुसरा. दोघांच्याही कॉलमवर नाव ‘क्लोज’ असंच.

त्यात घड्याळाची भर. न्यूयॉर्कचे दुपारचे २.३० म्हणजे त्या मोसमात भारतीय वेळेनुसार बरोबर रात्रीचे १२. भारतीय वेळेचा शिक्का मारलेल्या डेटावरून कॅलेंडरच्या दिवसाप्रमाणे बार बांधले, तर २० एप्रिलचा बार ऐन तळाशी संपतो आणि पुढची सुधारणा २१ एप्रिलच्या खात्यात जमा होते. यूटीसीप्रमाणे बांधले तर दिवस न्यूयॉर्कच्या रात्री ८ ला संपतो, म्हणजे ६ वाजता सुरू झालेल्या पुढच्या सत्राचे दोन तासही सोमवारात घुसतात. टिक तेच, पण दिवस कुठे कापला त्याप्रमाणे ओपन, हाय, लो आणि क्लोज बदलले. डेली बारवर काम करणाऱ्याला ही कापाकापी दिसतसुद्धा नाही.

फुकट मिळते म्हणून बरेच जण अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाची, म्हणजे ईआयएची, कुशिंग स्पॉट भावाची मालिका वापरतात. तिथे २० एप्रिलला उणे ३६.९८ आणि २१ एप्रिलला ८.९१ दिसतं. हा आकडाही बरोबरच आहे, पण तो स्पॉटचा, म्हणजे प्रत्यक्ष तेलाच्या तत्काळ सौद्याचा, आहे. त्या भावाने तुमचा वायदा कुणीच सेटल केला नसता. अभ्यासाच्या लेखात ही मालिका चालून जाईल. पण तिच्यावर एन्ट्री-एक्झिट तपासून ‘एवढा नफा झाला असता’ म्हणणं मला पटत नाही.

रोल कधी केला?

खरी गंमत इथे आहे. वायदा दर महिन्याला संपतो, म्हणून लांबचा इतिहास हवा असेल तर एकामागून एक वायदे जोडून सलग मालिका तयार करावी लागते. चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा ‘कंटिन्युअस’ चार्ट हा असा शिवलेला असतो. जोड कुठे द्यायचा याचे नियम वेगवेगळे. कुणी एक्स्पायरीच्या दिवशी रोल करतो (संपणारा वायदा सोडून पुढच्या महिन्याचा घेतो), कुणी ठरावीक दिवस आधी, तर कुणी पुढच्या महिन्याचा व्हॉल्यूम किंवा ओपन इंटरेस्ट (अजून न काटलेल्या करारांची संख्या) जास्त झाला की. जोडावर दोन भावांत फरक असतो. तो बुजवण्यासाठी आधीचा सगळा इतिहास त्या फरकाने वर किंवा खाली सरकवला जातो. यालाच बॅक-ॲडजस्टमेंट म्हणतात.

आता त्या तीन दिवसांचे सेटलमेंट भाव शेजारी शेजारी ठेवा. शुक्रवार १७ एप्रिल: मे १८.२७, जून २५.०३. सोमवार २० एप्रिल: मे उणे ३७.६३, जून २०.४३. मंगळवार २१ एप्रिल: मे १०.०१, जून ११.५७.

शुक्रवारी रोल केला तर जोडावरचा फरक ६.७६ डॉलर. सोमवारी केला तर ५८.०६. मंगळवारी केला तर अवघा १.५६. बॅक-ॲडजस्टेड मालिकेत हा फरक आधीच्या प्रत्येक दिवसात मिळवला जातो, अगदी तुमच्या फाइलच्या पहिल्या ओळीपर्यंत. जुलै २००८ मध्ये क्रूडने १४७.२७ चा विक्रमी उच्चांक केला होता. सोमवारी रोल करणाऱ्या मालिकेत या एका जोडामुळेच तो २०५ च्या वर जाऊन बसतो, बाकीच्या महिन्यांचे जोड वेगळेच. अशा फुगवलेल्या पायावर ‘२ टक्के स्टॉपलॉस’ (भाव २ टक्के विरुद्ध गेला की बाहेर पडायचा नियम) लावला तर ते २ टक्के नेमके कशाचे?

पैशाच्या भाषेत बघू. एक लॉट (१,००० बॅरलचा एक वायदा) लाँग, शुक्रवारच्या सेटलमेंटपासून मंगळवारच्या सेटलमेंटपर्यंत. शुक्रवारीच रोल करून मोकळा झालेला माणूस जूनमध्ये २५.०३ वरून ११.५७ वर आला: तोटा १३,४६० डॉलर. मंगळवारी शेवटच्या क्षणी रोल करणाऱ्याने सोमवारी ५५,९०० घालवले आणि मंगळवारी त्यातले ४७,६४० परत मिळवले: निव्वळ तोटा ८,२६०. आणि सोमवारच्या सेटलमेंटला रोल करणाऱ्याने मे वायद्यात ५५,९०० घालवले, वर मंगळवारी जून पडला त्यात आणखी ८,८६०: एकूण ६४,७६०. दिशा एकच, माल एकच, पण निकाल आठ हजारांपासून पासष्ट हजारांपर्यंत.

यातली कुठलीही मालिका खोटी नाही. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या दिवशी रोल केला, एवढंच. त्यामुळे ‘क्रूडचा इतिहास’ असं सरसकट काही नसतं. असतो तो ठरावीक नियमाने रोल करत राहिलेल्या एका काल्पनिक माणसाचा इतिहास. तुमचा रोलचा नियम त्याच्यासारखा नसेल तर ती बॅकटेस्ट त्याची झाली. व्हॉल्यूम बघून रोल करणाऱ्या मालिकेत हा प्रसंग जवळजवळ दिसतच नाही, कारण बहुसंख्य ट्रेडर तोवर जूनमध्ये गेले होते. म्हणून कुणी म्हणालं की ‘माझ्या सिस्टीमने एप्रिल २०२० सहज पार केला’, तर मी आधी रोलची तारीख विचारतो. सिस्टीमबद्दलचे प्रश्न नंतर.

फरक मिळवण्याऐवजी गुणोत्तराने जोड देण्याची दुसरी पद्धत आहे. टक्केवारीतला परतावा शाबूत राहतो म्हणून ती जास्त शास्त्रशुद्ध मानली जाते. शुक्रवारी गुणोत्तर १.३७ येतं, मंगळवारी साधारण १.१६. सोमवारी २०.४३ भागिले उणे ३७.६३, म्हणजे उणे ०.५४. आता या ऋण आकड्याने आधीचा सगळा इतिहास गुणा. दशकांचे भाव एका फटक्यात शून्याखाली जातात. तेजी मंदी होते, प्रत्येक बारचा हाय हा लो बनतो, आणि २००८ चं शिखर ही चार्टवरची सर्वात खोल दरी होते. प्रोग्रॅम कुठेही एरर देत नाही, कारण गणित म्हणून यात काहीच चुकलेलं नाही.

टक्क्यांचा घोळ

ॲडजस्टमेंट न करता नुसते मे वायद्याचे भाव घेतले तरी सुटका नाही. १८.२७ वरून उणे ३७.६३: बदल उणे ३०६ टक्के. ठीक, विचित्र आहे पण दिशा तरी बरोबर. दुसऱ्या दिवशी भाव उणे ३७.६३ वरून १०.०१ वर, म्हणजे ४७.६४ डॉलर वर गेला. टक्केवारी काढा: ४७.६४ भागिले उणे ३७.६३, उत्तर उणे १२६.६ टक्के. वायद्याच्या इतिहासातल्या सर्वात मोठ्या उसळ्यांपैकी एक उसळी तुमच्या परताव्याच्या कॉलममध्ये घसरण म्हणून नोंदली गेली. मोमेंटम (भावाच्या चालीचा जोर) मोजणारा इंडिकेटर हे दोन दिवस सलग मंदीचे समजतो.

लॉग रिटर्न, म्हणजे आजच्या आणि कालच्या भावाच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, घेणाऱ्यांचं दुखणं वेगळं. ऋण संख्येचा लॉग निघत नाही, त्यामुळे २० आणि २१ या दोन्ही तारखांना रकाना रिकामा येतो. डेटा हाताळणाऱ्या बऱ्याच लायब्ररी सरासरी किंवा प्रमाण विचलन काढताना रिकामे रकाने गुपचूप वगळतात. परिणाम असा की जोखमीच्या हिशेबातून नेमके सर्वात जोखमीचे दोन दिवस गळतात आणि एप्रिल २०२० होता त्यापेक्षा पुष्कळ शांत दिसतो. ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला वायदा घेण्या-विकण्याच्या हक्काच्या) किमती काढणाऱ्या मॉडेलांचीही हीच अडचण झाली. शून्याखालचा भाव ज्यात बसतच नाही ती मॉडेलं बाजूला ठेवून सीएमईने २२ एप्रिलपासून ऊर्जा ऑप्शनसाठी ऋण भावही चालणारं बॅशेलिए मॉडेल लावलं. त्या सुमाराच्या इम्प्लाइड व्होलॅटिलिटीच्या (ऑप्शनच्या किमतीवरून मॉडेलने काढलेल्या अपेक्षित चढउताराच्या) मालिकेत दिसणारा सगळाच बदल बाजारातून आलेला नाही, सूत्र बदललं हेही त्यामागचं एक कारण आहे.

साफसफाईत काय गेलं

डेटा ‘स्वच्छ’ करून विकणारे आणि घरच्या घरी स्वच्छ करणारे, दोघांच्याही पहिल्या काही नियमांत एक नियम हमखास असतो: भाव शून्य किंवा त्याहून कमी असेल तर ओळ काढून टाका. शेअर बाजारासाठी नियम योग्यच आहे. क्रूडच्या फाइलवर तो चालवला की २० एप्रिलचा सगळ्यात महत्त्वाचा भाग नाहीसा होतो आणि उरतो तो दिवसाचा शून्याच्या वरचा तुकडा, वरवर अगदी नीटनेटका दिसणारा. सरासरीपासून अमुक इतकं लांब गेलेलं मूल्य कापणारे फिल्टरही हेच करतात.

याच्या उलटं उदाहरण शेअर बाजारात दहा वर्षं आधी घडलं होतं. ६ मे २०१० च्या फ्लॅश क्रॅशमध्ये (काही मिनिटांच्या अचानक पडझडीत) अमेरिकेत ॲक्सेंचरसारख्या कंपनीचे शेअर काही क्षण एका सेंटला विकले गेले. सौदे खरोखर झाले, टेपवर छापले गेले. नंतर एक्स्चेंजांनी ठरवलं की दुपारी २.४० च्या भावापासून ६० टक्क्यांहून जास्त लांब गेलेले सौदे रद्द, आणि २० हजारांहून अधिक सौदे रद्द झाले. तेव्हा कच्च्या टिक डेटात एका सेंटचा भाव सापडू शकतो, पण तो भाव शेवटी कुणाच्याच पदरात पडला नाही. तिथे ओळ काढणं बरोबर. क्रूडचा उणे ३७.६३ अविश्वसनीय वाटतो, पण त्या भावाने लोकांनी खरेखुरे पैसे भरले. तिथे ओळ काढणं चूक. हे दोन टिक नुसत्या आकड्यावरून वेगळे करणारा फिल्टर माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यासाठी एक्स्चेंजने काय निर्णय दिला ते वाचावं लागतं, आणि तो निर्णय भावाच्या फाइलमध्ये नसतो.

ज्या भावाला एकही सौदा झाला नाही

आपल्याकडच्या एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवरचा प्रकार तर याहून पुढचा. एमसीएक्सचा एप्रिल क्रूड वायदा त्याच २० एप्रिलला संपत होता आणि त्याचा अंतिम भाव नायमेक्सच्या सेटलमेंटवरून, रिझर्व्ह बँकेच्या संदर्भ दराने रुपयांत बदलून ठरायचा होता. टाळेबंदीमुळे इथलं ट्रेडिंग संध्याकाळी ५ लाच बंद होत होतं. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात वाजले होते आणि मे वायदा शून्याच्या बराच वर होता. एमसीएक्सने आधी तात्पुरता भाव १ रुपया लावला आणि मग अंतिम भाव जाहीर केला: बॅरलला उणे २,८८४ रुपये. नेहमीप्रमाणे रात्री साडेअकरापर्यंत बाजार चालू असता तरी ती दोन मिनिटं त्यानंतर अर्ध्या तासाने यायची होती.

बॅकटेस्टच्या दृष्टीने याचा अर्थ काय? या वायद्याच्या त्या दिवशीच्या ओपन, हाय, लो, क्लोजमध्ये ऋण आकडा येऊच शकत नाही, कारण उणे भावाला इथे एकही सौदा झाला नाही. बार शाबूत, टिक शाबूत, डेटात एकही दोष नाही. पण १०० बॅरलचा एक लॉट घेऊन एक्स्पायरीपर्यंत बसलेल्या माणसाच्या खात्यातून जी रक्कम गेली ती या फाइलमधून कधीच निघणार नाही. तुमची बॅकटेस्ट एक्स्पायरीच्या दिवशी ‘क्लोज’ला पोझिशन काटत असेल, तर ती त्याला तोट्यातून सहीसलामत बाहेर काढते. कुठल्याही वायद्यात अंतिम सेटलमेंट भाव हा वेगळा कॉलम म्हणून हवाच असं मी म्हणतो ते यामुळे. बहुतेक स्वस्त फीडमध्ये तो नसतो.

ईटीएफचा आडवळणी मार्ग

वायद्याच्या भानगडी नकोत म्हणून युनायटेड स्टेट्स ऑइल फंड, म्हणजे यूएसओ, हा शेअरसारखा खरेदी-विक्री होणारा फंड (ईटीएफ) घेऊन क्रूडचा अभ्यास करणारेही भेटतात. हा फंड तोवर मे वायद्यातून बाहेर पडला होता, त्यामुळे त्याच्या चार्टवर ऋण भावाचा मागमूस नाही. पण एप्रिलच्या अखेरीस त्याने आठास एक असा रिव्हर्स स्प्लिट केला, म्हणजे आठ युनिटांचं एक युनिट केलं. म्हणून त्या सोमवारी प्रत्यक्षात ४ डॉलरच्या आत विकलं गेलेलं युनिट आज ॲडजस्टेड चार्टवर ३० च्या आसपास दिसतं. ‘५ डॉलरखालचं काही घ्यायचं नाही’ असा नियम असलेली सिस्टीम आजच्या फाइलवर ते बिनधास्त विकत घेते. तेव्हा ती घेऊच शकली नसती.

याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच दिवसांत फंडाने आपली पद्धतच बदलली. आधी जवळच्या महिन्यात असणारा पैसा पुढच्या अनेक महिन्यांत विभागला गेला. टिकर तोच, पण मार्च २०२० चा यूएसओ आणि जून २०२० चा यूएसओ वेगळ्या गोष्टी धरून होते. हा बदल फंडाच्या निवेदनांत सापडतो, भावांच्या मालिकेत त्याची खूण नाही.

भाव होता, पण मिळाला असता का?

उणे ४०.३२ ला खरेदी करून दुसऱ्या दिवशी १०.०१ ला विकलं असतं तर लॉटमागे ५०,३३० डॉलर. डेटा म्हणतो शक्य होतं. प्रत्यक्षात तेव्हा काही ब्रोकरांची सॉफ्टवेअर शून्याखालची ऑर्डर स्वीकारत नव्हती, काहींच्या स्क्रीनवर ऋण भाव दिसतच नव्हता. ज्यांनी दिवसभरात ‘ट्रेड ॲट सेटलमेंट’ पद्धतीने, म्हणजे पुढे निघेल त्या सेटलमेंट भावाच्या आधाराने, सौदे केले होते त्यांना आपला भाव किती हे २.३० वाजून गेल्यावरच कळलं. शिवाय पाठीशी मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत), आणि वेळ आलीच तर तेल उतरवून घेण्याची सोय नसलेल्याला ब्रोकरने त्या दिवशी मे वायदा नव्याने घेऊ दिला असता का, ही शंका आहेच. नीचांकाला लिमिट ऑर्डर भरली गेली असं धरणारी प्रत्येक बॅकटेस्ट इथे संशयास्पद आहे, डेटा कितीही अस्सल असो.

क्रूडचा नवा डेटा कुणी दिला की मी आधी हाच आठवडा उघडतो. मे आणि जून वायदा वेगवेगळ्या फाइलींत, ॲडजस्टमेंट न केलेले, मिळतात का ते बघतो. मेच्या ओळीत सेटलमेंट आणि शेवटचा सौदा असे दोन कॉलम आहेत का, लो उणे ४०.३२ आहे का, वेळेचा शिक्का कुठल्या घड्याळाचा आहे, आणि सलग मालिकेत रोलची तारीख लिहिलेली आहे का. जोडलेली मालिका मी विकत घेत नाही. सुट्या वायद्यांवरून स्वतःच्या रोल नियमाने ती स्वतः बांधतो, आणि रोलचा नियम एक दिवस मागेपुढे करून निकाल किती हलतो ते बघतो. एका दिवसाच्या फरकाने नफ्याची रेष तोट्यात जात असेल तर त्या स्ट्रॅटेजीवर पुढे वेळ घालवत नाही. व्हेंडरला पाठवायच्या पत्रात मात्र एकच ओळ असते: २० एप्रिल २०२० चा मे वायद्याचा क्लोज तुमच्याकडे किती आहे, आणि तो कुठून घेतला?